पांढऱ्या पाठीचे पोरकिडे

तांदळाचा डबा उघडल्याबरोबर बायकोने तो पुन्हा बंद केला, आणि स्वयंपाकघराचं दारही लावून घेतलं. मग आतूनच दबक्या आवाजात हाक मारली, "अहो, जरा इकडे या. आणि आवाज न करता या."

स्वतःच्या घरात आवाज न करता का फिरायचं, हे घड्याळजींना कळेना. पण ते गेले. घड्याळदुरुस्तीचं दुकान आवरून त्यांना दोन वर्षं झाली होती, तरी डोळ्याला लावायचं भिंग अजून सदऱ्याच्या खिशात असायचं. कुठलीही वस्तू आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गेल्या महिन्यात त्यांनी चांगला चालणारा मिक्सर खोलला होता, आणि तो अजून परातीत होता.

"बघा," बायकोने झाकण बोटभर उचललं. "पोरकिडे. माझ्या डब्यात!"

तीस वर्षं ती अख्ख्या इमारतीला सांगत आली होती, की डबे वेळच्या वेळी धुऊन उन्हात ठेवले की किडा तिकडे फिरकतसुद्धा नाही. आणि आता तिच्याच डब्यात चांगले धष्टपुष्ट किडे सहकुटुंब फिरत होते.

"बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला," ती म्हणाली. "वर तर मुळीच कळता कामा नये."

वर म्हणजे वरच्या मजल्यावर. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आणि त्यांची सून राहत असत. बाई जिन्यात भेटल्या की मोठमोठी माणसं आपली बटणं तपासून घेत. सुनेला तर त्या घरात येऊन वर्ष झालं, तरी परीक्षेचा पहिलाच पेपर असल्यासारखा चेहरा असायचा.

घड्याळजींचं मात्र लक्षच नव्हतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून एक किडा तळहातावर घेतला होता. "अगं, याला सोंड आहे!"

"सोंड असू दे नाहीतर शेपूट. मला तो डब्याबाहेर हवा."

त्यांनी किड्याला नखाने हलकेच शिवलं. किडा पाय आखडून उताणा झाला. "मेला वाटतं," बायको म्हणाली. मिनिटभराने किड्याने एक पाय हलवला, मग दुसरा, आणि उठून तो आपल्या वाटेने चालू लागला.

"सोंग! मेल्याचं सोंग घेतलं होतं लेकाने!" घड्याळजींना इतका आनंद झाला, की पोरकिड्यांवर उपाय करायचा आहे हे ते विसरूनच गेले. "पण हे आले कुठून? दुकानातून? खिडकीतून? की त्या पाइपाच्या भोकातून?"

"तांदूळ उन्हात घातले की जातील."

"जातील, पण आले कुठून ते कळणार नाही. बंद घड्याळ नुसतं हलवून चालू केलं तर चार दिवसांनी पुन्हा बंद पडतं. कारण सापडायला हवं."

त्यांनी जुन्या पेटीतून तबकडीवरचे आकडे रंगवायचा पांढरा रंग आणि तीन केसांचा कुंचला काढला. दुपारपर्यंत वीस पोरकिड्यांच्या पाठी पांढऱ्याशुभ्र झाल्या. रंगवताना प्रत्येक जण मेल्याचं सोंग घेऊन पडायचा, त्यामुळे काम फार सोपं गेलं. रंग वाळल्यावर त्यांनी सगळ्यांना डब्यात परत सोडलं. "आठ दिवस हा डबा उघडायचा नाही. आता कोण कुठे जातं ते बघू."

"म्हणजे आठ दिवस मी पोरकिडे पाळायचे?" बायकोने कपाळावर हात मारला.

पण स्वतः घड्याळजींनाच धीर निघेना. चौथ्या दिवशीच त्यांनी तांदूळ मोठ्या ताटात पसरून मोजणी केली. पांढरे सतरा भरले. पुन्हा मोजले, तरी सतराच. तीन बेपत्ता! त्यांनी ओटा पाहिला, फडताळ पाहिलं, पाइपाच्या भोकात बॅटरी मारली. बायको भाजी निवडत होती. नेहमी ती तोंडाने काहीतरी चालू ठेवायची, आज गप्प होती.

"नाही सापडले तर नाही," ती शेवटी म्हणाली. "तीन किड्यांवाचून काय अडलंय तुमचं?"

अडलं होतं. घड्याळातून तीन चाकं नाहीशी झाली तर माणूस झोपेल का? संध्याकाळी जिन्यातल्या फलकावर एक कागद लागला: 'पांढऱ्या पाठीचे किडे कोणास आढळल्यास मारू नयेत. तळमजल्यावर कळवावे.' खाली नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. ते बारीक, कोरीव अक्षर इमारतीतल्या प्रत्येकाने घड्याळाच्या पावतीवर पाहिलेलं होतं.

बायकोने तो वाचला आणि ती धावतच घरात आली. "तो कागद काढा आधी."

"अगं, पण तुझं नाव कुठे आहे त्यात?"

"माझ्या नावाचं मरू दे. ते गेलंच आता. पण तुम्ही तो काढा. मी सांगते म्हणून काढा!"

तेवढ्यात दार वाजलं. दारात मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या. हातात काचेची बाटली होती, मागे सून होती. बाटलीत तीन पांढरे ठिपके चालत होते.

"हे तुमचे?" बाईंनी विचारलं. वर्गात सापडलेली गोफणसुद्धा त्यांनी याच आवाजात दाखवली असती.

घड्याळजींनी भिंग लावलं. "माझेच! सतरा आणि तीन वीस. बाई, कुठे मिळाले?"

"माझ्या तांदळाच्या बरणीत. आणि त्या बरणीला आट्यांचं झाकण आहे. मी स्वतः घट्ट फिरवून लावते. आता तुम्ही बारकाईने बघणारे गृहस्थ आहात. मला एवढंच सांगा, तळमजल्यावरचा किडा वरच्या मजल्यावर, बंद बरणीत, कसा शिरला?"

प्रश्न फार सुंदर होता. घड्याळजींचे डोळे चमकले. "वा! म्हणजे तो पाइपातून आला असं धरलं, तरी झाकण? ते तर कुणीतरी उघडल्याशिवाय..."

ते थांबले. कुणीतरी. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भाजीचं ताट हातात धरून जिथल्या तिथे उभी होती. पापणीसुद्धा हलत नव्हती. त्यांनी बाईंच्या खांद्यावरून सुनेकडे पाहिलं. तीही तशीच, हात अंगाशी घेऊन, श्वास रोखून. हे आखडणं घड्याळजींनी चार दिवसांपूर्वी भिंगातून वीसदा पाहिलं होतं.

आयुष्यात त्यांनी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. नुसती किल्ली देऊन चालू झालेल्या घड्याळाची दुरुस्ती केली असंही कधी म्हटलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "झाकणाला आटे असतात ना, ते म्हणजे त्याच्यासाठी जिनाच. गोल जिना. तो गोल गोल फिरत, हळूहळू... वर जातो आणि आत उतरतो."

"बंद झाकणातून?"

"सोंड आहे ना त्याला. आधी सोंड घालून अंदाज घेतो."

घड्याळजींनी जन्मात मारलेली ही पहिली थाप. ती इतकी तपशीलवार होती, की बाई विचारात पडल्या. "हे मला ठाऊक नव्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. "याचा नीट अभ्यास व्हायला हवा. रंग तुमचाच लागतो असं नाही ना? चुका खोडायची पांढरी शाई चालेल?" आणि बाटली घेऊन त्या वर गेल्या. सुनेने जाता जाता मागे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दार लागलं. "किती दिलेस?" घड्याळजींनी विचारलं.

"दोन वाट्या." बायको स्टुलावर बसली. "बरणी भरून ठेवते असं सासूला सांगून बसली होती आणि आणायचं विसरली. 'काकू, आईंना सांगू नका हं' म्हणाली. रडत होती हो पोर. मी शब्द दिला. आणि तिला काय सांगू, डब्यात पोरकिडे आहेत? मी? तीनदा चाळले. काळे सगळे खाली पडले, एक राहू दिला नाही. पण पांढऱ्यात पांढरे मला कसे दिसणार?"

रंगाच्या थराने जाडजूड झालेला किडा चाळणीच्या भोकातून पडणार कसा, हे आता घड्याळजींच्या लक्षात आलं. त्यांना थाप मारल्याची लाज वाटत होती, आणि बायकोचा शब्द राखला म्हणून बरंही वाटत होतं. त्यांनी मुकाट्याने जिन्यातला कागद काढून आणला.

दुसऱ्या दिवशी ते तांदूळ गेले. डबा धुतला, उन्हात तापला, नवे तांदूळ आले. आठवडा शांततेत गेला. इतका, की मिक्सरसुद्धा जोडून झाला. मग एका सकाळी घड्याळजींनी सहज झाकण उचललं, आणि वरच एक पांढरी पाठ चालताना दिसली.

त्यांनी झाकणाचे आटे पाहिले. या डब्याला आटे नव्हतेच, तरी पाहिले. क्षणभर त्यांना वाटलं, आपली थाप खरी निघाली की काय! त्यांनी किडा तळहातावर घेतला आणि भिंग लावलं. पांढऱ्या पाठीवर, प्रगतिपुस्तकात शेरे लिहायच्या वळणदार अक्षरात, काळ्या शाईने आकडा काढलेला होता: ७.

"अगं, वरून काही आलं होतं?"

"काल सूनबाई दोन वाट्या तांदूळ परत देऊन गेली. घाईतच होती," बायको आतून म्हणाली. "म्हणाली, नीट चाळलेत काकू."

तेवढ्यात जिन्यातून चपलांचा आवाज आला आणि मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या राहिल्या. हातात रेघा मारलेली वही होती, मागे सून. "घड्याळजी, तुमच्या त्या तिघांमागून बिनरंगाचे बावीस निघाले माझ्या बरणीत. मी सगळ्यांना क्रमांक दिलेत, रोज हजेरी घेते. आज सात नंबर गैरहजर आहे. झाकण तर मी घट्ट लावलं होतं. गोल जिन्याने उतरून तुमच्याकडे आलाय का?"

सून पुन्हा अंग चोरून उभी होती. घड्याळजींनी मूठ मिटली.

"नाही हो बाई," ते म्हणाले. "आमच्याकडे कुठले पोरकिडे?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मुठीत सात नंबरचं सोंग संपलं, आणि तो बोटांच्या बेचक्यातून हळूहळू वाट शोधू लागला. घड्याळजी मात्र जराही हलले नाहीत.