तात्या जोशींची न संपणारी उमेदवारी

धुतलेली बाटली स्वच्छ झाली की नाही हे पाहायला जगातली शहाणी माणसं ती उजेडात धरतात. तात्या जोशी ती कानाला लावत. डोळे मिटून, मान तिरकी करून जरा वेळ ऐकत, आणि बाटली माझ्या हातात परत देत म्हणत, "बोलतेय अजून. धुवा."

स्वच्छ बाटली गप्प असते असा त्यांचा सिद्धांत होता. मी बी.एस्सी. झालेला. कुठलंही पोकळ भांडं कानाला लावलं की आवाज येणारच, हे मी त्यांना हवेच्या कंपनांसकट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमच्या कॉलेजातल्या बाटल्या नीट धुतलेल्या नसतील," ते म्हणाले.

हे सगळं विद्यापीठात चाललं होतं, असं म्हणायला हरकत नाही. विद्यापीठ मुंबईत, पण त्याचं एक सागरी केंद्र रेवदंड्याला, बंदराजवळच्या एका कौलारू बंगल्यात होतं. पुढच्या खोल्यांत काचेच्या टाक्या, मागे माडांची वाडी, आणि या दोहोंच्या मध्ये मुख्य तंत्रज्ञ तात्या जोशी. मुख्य अशासाठी की दुसरा तंत्रज्ञच नव्हता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळांना लागणारी माणसं इथे एकेक करून उमेदवारीला येत. वर्षभर शिकायचं, तात्यांनी "तयार" म्हटलं की मुंबईला कायम नोकरी. नाही म्हटलं तर पुन्हा शिकायचं.

मी खारेपाटातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या गावात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि ही गोष्ट मी कुणापासून लपवून ठेवली नाही. माझ्या बापाने तर ती शेजारच्या चार गावांपासूनही लपवली नव्हती. पोरगा विद्यापीठात लागला म्हणून त्याने पेढे वाटले होते. सुट्टीला घरी गेलो की तो ओटीवर बसवून विचारायचा, "आता काय शिकवतान रं तुला?"

"बाटल्या धुवायला."

"आन् त्या धुवून झाल्याव?"

"मग बुचं बसवायला."

बाप शेजारच्या ओटीवर कुणी नाही ना ते बघून घ्यायचा. मग आवाज खाली आणून म्हणायचा, "गावात बाटल्यांचा इषय काढू नको."

बुचांनंतर दोऱ्याची गाठ आली. नमुन्याच्या बाटलीला चिठ्ठी बांधतात ती गाठ. ती मला पहिल्या दिवशी जमली, आणि म्हणून तात्यांनी ती महिनाभर शिकवली. प्रत्येक विषय संपत आला की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवल्याचा भाव यायचा आणि ते म्हणायचे, "झालंच तुमचं, बीएस्सी. एक बारीकसं राहिलंय." माझं नाव म्हात्रे, पण तात्यांनी मला कायम 'बीएस्सी' म्हणूनच हाक मारली. माझ्या पदवीचा इतक्या वेळा उच्चार दुसऱ्या कुणीच केला नसेल.

तात्या पक्के शाकाहारी. ताज्या माशाला चुकून बोट लागलं तर विहिरीवर जाऊन अंघोळ करत. फॉर्मलिनमधला मासा मात्र ते मांडीवर घेऊन बसत. "तो मासा नव्हे हो, तो नमुना," असं त्यांचं शास्त्र होतं. मासा नेमक्या कोणत्या क्षणी नमुना होतो, हे मी एकदा विचारलं. "चिठ्ठी बांधली की," ते म्हणाले. महिनाभर गाठ का शिकवली, ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी हाच माणूस मागच्या खोलीत वालाची उसळ करायचा. मला हात लावू द्यायचा नाही. वाल सोलणं हाही स्वतंत्र विषय होता आणि तो अजून सुरू व्हायचा होता. तात्यांची बायको कधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन नागपूरकडे. उमेदवार तेवढा घरात. ताट वाढून ते समोर बसायचे आणि मी कसा जेवतो यातल्या चुका काढायचे.

आता त्यांच्या खऱ्या विद्येविषयी. ओहोटीला तिथल्या खडकांच्या खळग्यांत समुद्रफुलं दिसतात. दिसायला फूल, असतो प्राणी. पाकळ्यांसारखे हात पसरून बसतो आणि जरा धक्का लागला की मिटून बोंडाएवढा होतो. मिटलेलं समुद्रफूल विद्यार्थ्यांना दाखवून उपयोग नाही, म्हणून ते उघडं असताना मारावं लागतं. त्यासाठी त्याला काचेच्या वाडग्यात ठेवून पाण्यात जुलाबाचं मीठ चिमटीचिमटीने सोडायचं. दुपारभर. हळूहळू त्याला गुंगी येते, मग फॉर्मलिन. घाई केली की मिटलं, टेबल हललं की मिटलं.

तात्या याला 'झोपवणं' म्हणत, आणि खरोखर झोपवत. वाडग्याशी वाकून पुटपुटत. मी बोलायचं नाही, चालायचं नाही. अडचण एकच होती. तात्यांना विडीचा खोकला होता, आणि तो आला की टेबल, वाडगा, फूल आणि बीएस्सी, सगळे एकदम हलत. फूल मिटायचं. तात्या डोळे पुसत माझ्याकडे बघायचे. "इतक्या जोरात श्वास घेतात का हो कुणी?"

अशी अर्धी फुलं मी माझ्या श्वासाने वाया घालवली. मीठ सोडायला मला त्यांनी कधी दिलं नाही.

वर्ष संपलं. मुंबईहून विभागाचे सर आले, त्यांनी तात्यांना विचारलं, "काय, म्हात्रे तयार?" तात्यांना एक बारीकसं आठवलं. पुढे पावसाळ्यात मुंबईची लाँच बंद झाली, मी तिथेच अडकलो आणि ओल्या हवेत बुचं कशी फुगतात याचा अभ्यास केला. बापाने आता विचारणंच सोडलं होतं. गावात कुणी विषय काढला तर तो पावसाचं बोलायचा, ते मला जास्त लागलं. पावसाळा सरून लाँच सुरू झाली तसा मी सरळ मुंबईला गेलो आणि सरांपुढे उभा राहिलो. म्हटलं, मला येतं की येत नाही ते तुम्ही बघा. येत नसेल तर घरी जातो, शेती आहे.

सर आले. जेवताना, तात्यांच्याच हातचा भात कालवत, ते सहज म्हणाले, "तात्या, तुमच्या आधीच्या पोरांनासुद्धा तुम्ही दोन-दोन वर्षं सोडलं नाहीत. आता म्हात्रे झाले की इथली उमेदवारी बंद करतोय आम्ही. पुढची मुलं मुंबईतच शिकतील. तुम्हालाही आराम."

"आराम," तात्या म्हणाले, आणि त्यांनी सरांना ताक वाढलं. वाटीत आधीच ताक होतं.

सरांनी मला समुद्रफूल झोपवायला सांगितलं. उघडं राहिलं तर मुंबई, मिटलं तर खारेपाट.

मी वाडगा मांडला. फूल उघडायची वाट पाहिली आणि पहिली चिमूट सोडली. सर खिडकीशी बसले. तात्या माझ्या मागे स्टुलावर बसले. मला परीक्षेत नापास करायला या माणसाला काही करायचीच गरज नव्हती; नेहमीसारखं खोकलं की पुरे होतं.

ऊन खिडकीतून टेबलावर आलं. मध्येच दारात एक कोळीण ओरडली, "ओ तात्या, चिंबोऱ्या हव्यात का तुमच्या टाकीला?" तात्या तिच्या अंगावर धावून गेले. नुसते हातवारे करत, तोंडातून शब्द न काढता. "काय झाला यांना? वाचा गेली?" असं म्हणत ती निघून गेली. सर एकदा उठून येरझाऱ्या घालायला लागले, तर तात्यांनी त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. विभागाच्या प्रमुखाला दंड धरून बसवलेलं मी त्यानंतर कुठे पाहिलं नाही.

फूल गुंगीत आलं होतं. फॉर्मलिनची नळी मी हातात घेतली, आणि मागे तात्यांच्या छातीत ती ओळखीची घरघर सुरू झाली.

मी मान वळवली नाही. स्टूल सरकल्याचासुद्धा आवाज आला नाही. नंतर खिडकीतून दिसलं, तात्या धोतराचा सोगा तोंडात कोंबून, अनवाणी, माडांमधून पळत होते. वाडीच्या पार टोकाला, पुळणीच्या वाळूत पोचल्यावर ते वाकले. आवाज आमच्यापर्यंत आला नाही; नुसती पाठ हलताना दिसली. बराच वेळ हलत होती.

मी फॉर्मलिन सोडलं. फूल उघडं राहिलं. सर म्हणाले, "छान." तात्या परत आले, त्यांनी वाडग्यात डोकावलं आणि म्हणाले, "डावीकडची दोन बोटं जरा वाकलीत." सरांनी विचारलं, "तयार म्हणायचं ना?" तात्यांनी मान हलवली आणि रात्रीचे वाल निवडायला घेतले.

सर संध्याकाळीच गेले. माझी लाँच सकाळची होती. उजाडल्यावर ट्रंक बांधून बाहेर ठेवली आणि मी निरोप घ्यायला पुढच्या खोलीत गेलो, काय बोलायचं ते मनाशी जुळवून. बी.एस्सी. झालेल्या माणसाला चार शब्द बोलता यायला हवेत.

तात्या टेबलाशी बसले होते. समोर वाडगा, वाडग्यात नवं समुद्रफूल, पूर्ण उमललेलं. मी तोंड उघडलं तसं त्यांनी न बघताच बोट ओठांवर ठेवलं आणि समोरच्या स्टुलाकडे खूण केली. मी बसलो. फूल पाण्यात हात हलवत होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की टेबलावर मिठाचा पुडा नव्हता. फॉर्मलिनची बाटलीही नव्हती. झोपवायचं काही नव्हतंच तिथे.

बंदरावर लाँचचा भोंगा झाला. मी उठलो, वहाणा काढून हातात घेतल्या, आणि जमीन हलू नये अशा बेताने बाहेर पडलो.