पांढुर्ण्यातला स्पॅनिश भविष्यकाळ

संत्र्याच्या बागा पाहायला स्पेनहून शिष्टमंडळ येणार असे कळताच पांढुर्ण्यातल्या एका सरकारी कार्यालयाने कर्मचाऱ्यांना स्पॅनिश शिकवण्याचा निर्णय तातडीने घेतला. सौंसरची सुचिता नागपुरात ही भाषा शिकली होती. तिला पाचारण करण्यात आले. तिने वर्तमानकाळापासून सुरुवात केली, तेव्हा मुख्य अधिकारी वीरेंद्र साहेबांनी तिला थांबवले.

"मॅडम, वर्तमानात आमच्याजवळ दाखवाले काही नाही. भूतकाळ शिकवला त चौकशी लागन. तुम्ही भविष्यच शिकवा."

सुचिताने सांगितले, की नियमित क्रियापदांचा भविष्यकाळ सर्वांत सोपा. मूळ क्रियापदाला हात लावायचा नाही. ते आहे तसे ठेवून शेवटी फक्त प्रत्यय जोडायचा. 'रेपारार' म्हणजे दुरुस्त करणे. 'रेपारारे', मी करीन. 'रेपारारा', तो करील. 'रेपारारेमोस', आम्ही करू. क्रियापद कुठलेही असो, प्रत्यय तेच. हात न लावता काम पुढे ढकलता येते, हे ऐकून कार्यालयात समाधान पसरले. 'तो करील' हे रूप तर सर्वांना आधीपासूनच पाठ होते.

त्याच आठवड्यात तिगावकडच्या केसरबाई आल्या. त्यांच्या बागेच्या वाटेवरची नाल्यावरची पुलिया पुरात वाहून गेली होती. गाडी पोचत नव्हती आणि पिकलेली संत्री झाडाखाली गळत होती. साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "रेपारारेमोस."

केसरबाईंनी सुचिताकडे पाहिले. "काय म्हनून राहिले हे?"

"दुरुस्त करू म्हणतात, काकू."

"हे त मराठीतही म्हनत होते," केसरबाई म्हणाल्या. "पन तवा बसून म्हनत."

शिष्टमंडळ आले. बागायतदारांसाठी तुम्ही काय केले, असे प्रमुख पाहुण्यांनी विचारले. बांधू, आणू, पाहू, असे सगळ्यांनी अस्खलित स्पॅनिशमध्ये सांगितले. एकाही प्रत्ययाची चूक नव्हती. मग गाड्या केसरबाईंच्या बागेकडे निघाल्या आणि नाल्याशी थांबल्या. पलीकडे झाडांखाली पिवळा सडा पडला होता. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिले आणि ते म्हणाले, "बोल्बेरे." मी परत येईन. भाषांतराची गरज कोणाला पडली नाही. भविष्यकाळ नियमित होता, म्हणून साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

सुचिताचे डोके फिरले. तिने संध्याकाळी केसरबाईंच्या गावात लोक जमवले. कार्यालयाची वाट पाहू नका, रविवारी सकाळी सगळे मिळून नाल्यात दगड टाकू, निदान ट्रॅक्टर तरी पलीकडे जाईल, असे तिने सांगितले. साहेबांवर सगळेच चिडलेले होते. एकूण एक माणूस म्हणाला, "येऊ."

रविवारी नाल्यावर सुचिता आणि केसरबाई दोघीच होत्या. हाताची सालं निघेपर्यंत त्यांनी दगड वाहिले. जाणारे-येणारे थांबून साहेबांना शिव्या देत आणि पुढे जात. दुपारपर्यंत अर्धा नाला भरला.

उरलेला अर्धा पुढच्या रविवारी भरायचा आहे. तुम्ही याल ना?