नाव विचारायचं नाही

सोमवारपासून आपल्या दवाखान्यातल्या एकाही पेशंटचं नाव बाहेर फुटणार नाही, असं सौमित्रनं मॅनेजरसाहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. मिरजेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तो माहिती गोपनीयता अधिकारी होता. हुद्दा ऐकायला भारदस्त, नोकरी मात्र वर्षभराच्या करारावरची. सोमवारी पुण्याच्या समितीची तपासणी होती. तपासणीच्या अर्जावर तपासनिसांची सही होऊन तो त्याच दिवशी पाचच्या आत ईमेलनं समितीकडे पोचला, तर दवाखान्याला प्रमाणपत्र आणि सौमित्रला कायमची नोकरी! आणि नोकरी कायम झाल्याशिवाय मयूरीचे साताऱ्याचे वडील लग्नाची तारीख काढायला तयार नव्हते. बिचाऱ्याचं सगळं घोडं या एका अर्जापाशी अडलं होतं.

आजवर पेशंटला आत बोलवायचं काम हरिबामामांकडे होतं. मामांचा आवाज असा, की त्यांनी ओपीडीत नाव पुकारलं तर स्टेशनावरचा हमाल मागं वळून बघायचा. बरं, नुसत्या नावावर त्यांचं समाधान होत नसे. गाव कुठलं, मोतीबिंदू कुठल्या डोळ्यात, मागच्या खेपेला ऑपरेशनच्या भीतीनं कोण पळून गेलं होतं, हे सगळं ते दारात उभं राहून जाहीर करत. सौमित्रनं त्यांचं तोंड बंद केलं आणि भिंतीवर स्क्रीन लावला. पेशंटला टोकन द्यायचं, स्क्रीनवर नंबर दिसला की त्यानं आत जायचं. कर्मचाऱ्यांनी कुणालाही नाव विचारायचं नाही. सोबतच्या नातेवाइकांनी बाहेर झाडाखाली बसायचं. नाव, गाव, फोन नंबर हे सगळं कॉम्प्युटरात कुलूपबंद, आणि ते उघडायला सौमित्रचा आणि मोठ्या डॉक्टरांचा असे दोन पासवर्ड लागणार.

सोमवारी सकाळी बाकांसमोर उभं राहून त्यानं भाषणही ठोकलं. आपली माहिती ही आपली इस्टेट आहे, आणि दुसऱ्याची माहिती त्याला विचारल्याशिवाय कुणालाही द्यायची नाही, अगदी मागणारा साहेब असला तरी! बाकांवरचे लोक जांभया देत होते. पहिल्या बाकावरचे दादासो तेवढे मान डोलवत होते. माण तालुक्यातले मेंढरंवाले, एकटेच आलेले. त्यांनी तर दोन वाक्यं पुन्हा सांगायला लावली. सौमित्रला फार बरं वाटलं.

बारापर्यंत सगळं झकास चाललं. मग डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली. बाहुल्या मोठ्या करायचं ते औषध एकदा पडलं की चार तास जवळचं दिसत नाही आणि लांबचं अंधुक दिसतं. प्रियदर्शनी सिस्टरांचा हात चलाख. अर्ध्या तासात तीस पेशंट औषध घालून बाकांवर परत आले, आणि त्यांच्यातल्या एकालाही भिंतीवरचा नंबर दिसेना! वाचून दाखवायला नातेवाईक असते, पण ते झाडाखाली होते. स्क्रीनवर चौदा नंबर दहा मिनिटं लुकलुकत राहिला. शेवटी लोकांनी आपली सोय आपणच लावून घेतली. कुणाची एसटी कधी आहे हे एकमेकांना विचारलं, आणि ज्याची गाडी आधी त्याला आधीचं टोकन देऊन टाकलं. त्यात भांडण नाही, कुरबुर नाही. उलट गाड्या विचारता विचारता गावं निघाली, गावांवरून सोयरीक निघाली आणि सोयरिकीवरून सगळ्यांचे आजार निघाले.

आत डॉक्टरांच्या समोर सत्तर वर्षांच्या बाईची फाइल आणि खुर्चीत झुपकेदार मिशांचा ट्रक ड्रायव्हर. नाव विचारायला बंदी! डॉक्टरांनी सौमित्रला बोलावून फाइल नुसती वर धरून दाखवली. तो धावत बाकांपाशी आला. तिथं एक म्हाताऱ्या आजी एका बाईंचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. आजी म्हणजे दहिवडीकडच्या अंबूबाई. आणि त्या बाई म्हणजे पुण्याच्या तपासनीस चारुलता मॅडम, हे सौमित्रला तिथं आल्यावर कळलं.

झालं होतं असं. व्यवस्था कशी चालते ते गुपचूप बघावं म्हणून मॅडम सामान्य माणसासारख्या येऊन बसल्या होत्या. अंबूबाईंनी त्यांची गाडी विचारली. पुण्याची रेल्वे आपल्या एसटीच्या आधी आहे म्हटल्यावर आपलं बावीस नंबरचं टोकन त्यांच्या हातात कोंबलं. बावीस नंबर लागला तसं आतलं काम बघावं म्हणून मॅडम उठल्या. सिस्टरांनी नाव न विचारता त्यांना बसवलं, मान वर केली आणि दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब!

आता मॅडमना समोरच्या टेबलावरचा अर्ज दिसेना. त्यांनी पर्समधून पेन चाचपून काढलं आणि सौमित्रपुढं धरलं.

“प्रश्न तुम्हीच वाचा, उत्तरं तुम्हीच भरा. मी सही करते.”

कुणी म्हणेल, नशीब उघडलं! सौमित्रलाही क्षणभर तसंच वाटलं. पहिलाच प्रश्न होता, एका पेशंटची माहिती दुसऱ्या पेशंटला कळते का? बाकावरून अंबूबाई कुणाला तरी ट्रक ड्रायव्हरच्या साखरेचा आकडा सांगत होत्या. सौमित्रनं मयूरीच्या वडिलांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि ‘हो, कळते’ असं लिहून मोठ्यानं वाचूनही दाखवलं. सगळीच उत्तरं त्यानं खरी लिहिली.

शेवटचा प्रश्न होता, पेशंटचा या संस्थेवर विश्वास आहे का? मॅडम म्हणाल्या, हे पेशंटलाच विचारा. पुढच्या खेपेची तारीख विचारायला अंबूबाई केसपेपर घेऊन टेबलाशी आल्याच होत्या.

“आवं, इस्वास नसता तर डोळं दिलं असतं व्हय ह्येंच्या हातात?”

मॅडम म्हणाल्या, “हे तसंच लिहा. चुका कबूल करणारा अर्ज मी पहिल्यांदाच ऐकतेय. शेरा लिहा, समाधानकारक. सही कुठं?”

सौमित्रचे डोळे इतके भरून आले होते, की त्यालाही नीट दिसत नव्हतं. त्यानं मॅडमचं बोट धरून कागदावर टेकवलं, मॅडमनी झोकात सही केली, आणि हरिबामामा त्यांना हाताला धरून स्टेशनावर घेऊन गेले. अंबूबाईही एसटी स्टँडकडे निघाल्या.

सौमित्रनं डोळे पुसून अर्ज ईमेल करायला हातात घेतला, तोवर दोघींच्याही गाड्या सुटून गेल्या होत्या. सहीची जागा कोरी होती! सही झाली होती टेबलावर टेकवलेल्या अंबूबाईंच्या केसपेपरवर, आणि डॉक्टरांची सही मिळाली असं समजून त्या तो घडी घालून पिशवीत टाकून घेऊन गेल्या होत्या. आजींना फोन करून सहीचा फोटो मागवावा, तर त्यांचा नंबर कुलूपबंद, आणि दुसरा पासवर्ड घेऊन मोठे डॉक्टर संध्याकाळपर्यंत ऑपरेशनात. मॅडमचा फोन उचलला जाईना, कारण तो कुठल्या बटणानं उचलायचा हे त्यांना दिसत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, आजींनी दादासोंना आपला नंबर दिलाय, त्यांचं काहीतरी नातं निघालंय. सौमित्र दादासोंच्या पुढ्यात जवळजवळ लोळणच घालायला आला.

दादासोंनी खिशावर हात ठेवला. “नंबर हाय माझ्याजवळ. पर त्येंना इचारल्याबिगर दिऊ कसा? मागनारा सायब असला तरी न्हाई, असं तुमीच बोलला न्हवं?”

मग विचारा की फोन करून, सौमित्र काकुळतीला आला. द्या, मी लावून देतो.

“तुमी लावला म्हंजी नंबर दिसंल की तुमास्नी,” दादासो म्हणाले. “बसा जरा. औशीद उतरलं की मी सोताच लावतो.”

दादासोंच्या डोळ्यांत औषध साडेबाराला घातलं होतं, म्हणजे साडेचारपर्यंत काही दिसणार नव्हतं, आणि अर्ज पाचच्या आत पोचायला हवा होता. सौमित्र त्यांच्या शेजारी बाकावर बसला. वर्षभर त्यानं भाषणं दिली होती, आणि त्यातला शब्द न् शब्द पाळणारा पहिला माणूस त्याला आज भेटला होता. त्याला दादासोंचा मनापासून अभिमान वाटत होता, आणि दर दोन मिनिटांनी तो त्यांना विचारत होता, आता जरा दिसायला लागलंय का?