नाना रुसलेले नाहीत

खानदेशातल्या आमच्या खापर गावी, आमच्या गल्लीत कोणी चहाला नाही म्हटलं की त्याचा एकच अर्थ निघतो: माणूस रुसला. आमच्या शेजारचे भास्करनाना बंगळुरूहून कायमचे परत आले आणि पहिल्याच आठवड्यात घरोघरी चहाला नाही म्हणाले. गल्ली हादरली.

समोरच्या अण्णांनी नानांच्या भिंतीला टेकवलेलं सरपण मुकाट्याने हलवलं. भाऊबंदकीतल्या एकाने कधीकाळी नेलेली शिडी न मागता आणून दिली. "नाना, आम्हनं काय चुकनं?" असं विचारत लोक येऊ लागले.

नाना हात जोडून म्हणायचे, "मी रुसेल नही, भो. मन्हा धर्ममा चहा नही."

शिडी मात्र त्यांनी ठेवून घेतली.

नाना मॉर्मन झाले होते. हा शब्द गल्लीत कोणी ऐकलेला नव्हता. "नाना, मारवाडी कसा व्हयनात?" अण्णांनी विचारलं. ख्रिस्ती धर्मातला एक पंथ आहे, असं नाना समजावत. बंगळुरूच्या कारखान्यात ते वायरमन होते. तिथे काविळीने पडले असताना पांढरा शर्ट, टाय घातलेली या पंथाची दोन पोरं रोज यायची, खिचडी करून द्यायची. त्या पोरांना एल्डर म्हणतात, म्हणजे वडीलधारे. "मिसरूड नही फुटनं आनि वडीलधारे!" नाना हसत सांगत. मग थांबून म्हणत, "पन मन्हा भांडा घासात त्यास्नी."

नानांच्या बायकोने, सुशीलाकाकूंनी, धर्म बदलला नाही, पण तोडगा काढला. कुठेही गेलं की दोन कप येत. काकू आधी आपला पीत, मग नानांचा. यजमान खूश, नानांचा धर्म शाबूत. फक्त काकूंना झोप लागत नसे.

रविवारी बंगळुरूची प्रार्थनासभा माझ्या मोबाइलवर असे. ती लावून द्यायची आणि निघून जायचं, एवढं माझं काम. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. घरी जागा नव्हती, म्हणून अभ्यास नानांच्या पुढच्या खोलीत, त्यांच्या पंख्याखाली. जेवणाआधी नाना देवाचे आभार मानत, मोठ्याने. त्यात पंखा असे, काकूंची भाकर असे आणि मीही असे. "याले इंग्रजी समजू दे," हेही ते जोडत. मला लाज वाटायची. बरंही वाटायचं.

मग काकू गेल्या. त्या घरात चूल पेटायची नव्हती, म्हणून अण्णांच्या घरून चहा आला. सवयीने दोन कप आले. नानांनी कपांकडे पाहिलं आणि दोन्ही कप प्यायले.

त्यानंतर ते सगळीकडे चहा घेऊ लागले. गल्ली सुखावली. पण रविवारी "मोबाइल लावू का?" विचारलं की म्हणत, "ऱ्हाऊ दे." जेवणाआधीचे आभारही थांबले. एकदा मी चाचरत कारण विचारलं.

"कोनत्या तोंडे जाऊ? ते सभाना लोक मन्हावर रुसेल व्हतीन."

असं बरेच दिवस चाललं. मग गेल्या महिन्यात माझ्या मोबाइलवर बंगळुरूहून फोन आला. सभेतले म्हातारे थॉमस अंकल बोलत होते. "भास्कर भाई हमसे नाराज हैं क्या? हमसे कुछ गलती हुई?"

मी फोन तसाच नानांच्या कानाला लावला. अंकलनी तेच पुन्हा विचारलं. नाना एवढंच म्हणाले, "नहीं अंकल. मैं रूठा नहीं."

रविवारी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आपणहून म्हणाले, "लाव बरं, भो."

पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत चेहरे उमटले. सगळे हात हलवत होते. मी नेहमीप्रमाणे उठलो. तेवढ्यात तिकडून अंकलनी विचारलं, "भास्कर भाई, वहाँ अकेले बैठे हो?"

नानांनी माझं मनगट धरलं.

"नहीं," ते म्हणाले, "घर का लड़का है साथ में."

मी त्यांच्या धर्माचा नाही. पण ते कोणी विचारलंच नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि पडद्यात मावेन असा बसलो.