भोपळ्याची पुण्याई

श्रावणातल्या एका सकाळी गोदाबाई घोसाळ्याची भजी तळत होत्या. शेजारच्या गंगुबाई विरजण मागायला आल्या आणि कढईकडे बघून उंबऱ्यातच थबकल्या.

"गोदे, चातुर्मासात तू घोसाळं सोडलंस ना?"

गोदाबाईंचा झारा हातातच राहिला. त्यांची शकू ठाण्याला सासरी होती, पहिलटकरीण. दिवाळीच्या मागेपुढे तिचे दिवस भरत होते. तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून गोदाबाईंनी आषाढी एकादशीला देवापुढे पाणी सोडून एक वस्तू चार महिने वर्ज्य केली होती. नेम मोडला तर काय होईल, हे त्या मनातसुद्धा येऊ देत नसत.

"घोसाळं नव्हे, लाल भोपळा," त्या हळूच म्हणाल्या. "मला अजून दिसतंय. रामाच्या देवळात मी हातावर पाणी घेतलं, आणि समोरच्या भिंतीवर हा एवढाला भोपळा लोंबत होता."

"आषाढात? अगं, तेव्हा भोपळ्याच्या वेलाला धड पानं नसतात. मी तुझ्या शेजारी उभी होते. येताना माझ्या मांडवावर चढणारा घोसाळ्याचा वेल बघून हळहळलीस, म्हणालीस, यंदा घोसाळी आपल्या नशिबी नाहीत."

गंगुबाईंचा मांडव यंदा भरून आला होता, आणि घोसाळी शेजारी द्यायची त्यांच्या जिवावर येत असे, हे खरं. पण बोलताना त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती.

दुपारी गोदाबाईंनी यजमानांपुढे गोष्ट काढली. अण्णा मामलेदार कचेरीत कारकून होते.

"पडवळ," अण्णा भात कालवत म्हणाले. "मी या कानांनी ऐकलं. चार महिने घरात पडवळ शिजणार नाही म्हणून मला केवढं बरं वाटलं होतं."

"इकडचाच काही घोटाळा होत असेल."

"घोटाळे कचेरीत होतात. पडवळात नाही होत."

शेवटी रामाच्या देवळातल्या विठ्ठलभटजींना विचारलं. ते म्हणाले, "संकल्प मीच सांगितला, वहिनी. वांगं सोडलंत. उद्यापनाला मला भरली वांगी जेवू घालणार होतात."

कोणाचंही खरं निघालं तरी नेम शाबूत राहावा म्हणून गोदाबाईंनी त्या दिवसापासून चारही भाज्या बंद केल्या. भाजीवाली दाराशी हाक मारी आणि आल्या पावली परत जाई. गोदाबाईंचं जेवण चतकोर झालं, आणि जेवणानंतरचा विडा तेवढा मोठा झाला.

भाद्रपदात शकू बाळंतपणाला आगगाडीने माहेरी आली. तिला बघायला गंगुबाई आल्या, अण्णाही ओटीवरून आत आले. गोदाबाई पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"आई, हे काय खातेस?"

"विडा. पोटाला तेवढाच आधार."

"अगं, तू विडाच सोडला होतास की. एकादशीला तू ठाण्याला माझ्याकडे होतीस. सासूबाईंनी तबक पुढे केलं, तेव्हा तू उठून तुळशीपुढे पाणी सोडलंस."



"ते गेल्या वर्षी," अण्णा म्हणाले.

"गेल्याच वर्षी," गंगुबाईंनी दुजोरा दिला. "येताना मला बांगड्या आणल्या होत्या हिनं."

"गेल्या वर्षी मी नांदायलासुद्धा गेले नव्हते," शकू म्हणाली.

गोदाबाईंच्या गालात विडा तसाच थांबला. शकूचं खरं मानलं, तर नेम आषाढापासून रोज दोन्ही वेळा मोडत आला होता. त्यांनी लेकीच्या पोटाकडे पाहिलं. मग सावकाश चावायला सुरुवात केली.

"या दिवसांत असंच होतं, बाळ," त्या मायेनं म्हणाल्या. "विसरायला होतं. बाळंत झालीस की नीट आठवेल."

दिवाळीच्या तोंडावर शकूला मुलगी झाली. सुईण येऊन पोचायच्या आतच पोरीनं टाहो फोडला.

"बघ," न्हाणीघरातून बाहेर येत गोदाबाई म्हणाल्या. "विडा सोडला असता, तर इतकं सोपं गेलं असतं?"

शकूनं कूस बदलून डोळे मिटले. ती दमलीही होती.

उद्यापनाला गोदाबाईंनी भोपळ्याचं दान दिलं. विठ्ठलभटजी भरली वांगी जेवले आणि मिटक्या मारत म्हणाले, "भोपळा सोडलात, चांगलं केलंत." पुढल्या आषाढात गंगुबाईंच्या सुनेला दिवस गेले होते. गंगुबाईंनी न बोलता भोपळा सोडला, आणि त्यांचं बघून आळीतल्या आणखी दोघींनी. हळूहळू चातुर्मासात भाजीवाली त्या आळीत भोपळा आणीनाशी झाली.

बऱ्याच वर्षांनी शकूची तीच मुलगी बाळंतपणाला आली, तेव्हा शकूनं तुळशीपुढे भोपळा सोडला.

"भोपळाच का गं, आई?" मुलीनं विचारलं.

"तुझ्या वेळी माझ्या आईनं सोडला होता. मला अजून दिसतंय," शकू पानाला चुना लावत म्हणाली. "रामाच्या देवळात ती हातावर पाणी घेऊन उभी होती, आणि समोरच्या भिंतीवर हा एवढाला भोपळा."