ऑर्व्हल केमररची गैरहजेरी

पत्र ऑर्व्हल केमररच्या आईवडिलांच्या नावे आलं होतं. ते दोघेही कधीचेच चर्चमागच्या टेकडीवर शेजारी शेजारी विसावले असल्यामुळे ऑर्व्हलने ते स्वतःच फोडलं. चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि वाचायला लागला.

'आपला पाल्य ऑर्व्हल, इयत्ता अकरावी, याची लसीकरणाची नोंद अपुरी आहे. येत्या बुधवारपर्यंत पूर्तता न झाल्यास त्याला शाळेत बसता येणार नाही, याची पालकांनी नोंद घ्यावी.'

ऑर्व्हल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. त्याने पत्र उलटं करून पाहिलं. मागे काहीच नव्हतं. मग तो मोठ्यांदा हसला आणि पत्र घेऊन कॉटनवुड गावातल्या एकुलत्या एका कॅफेत गेला. अशी गंमत एकट्याने हसून संपवण्यासारखी नसते.

"बघू बघू," म्हणत ड्वेन पार्मलीने पत्र हिसकावून घेतलं. ड्वेन त्याचा पहिलीपासूनचा दोस्त. "ओरेगन राज्याचा शिक्काबिक्का आहे रे! आता बसायला मिळणार नाही म्हणे तुला शाळेत. आधी बसायला लावलं की तू पळायचास, आता बसतो म्हणालास तर हाकलतायत."

"मी कुठे बसतो म्हणालो?"

"मग सोड की. घालू देत बंदी."

ऑर्व्हलनेही सोडूनच दिलं असतं. पण संध्याकाळी त्याची नात मॅरिस शाळेतून आली ती रडवेली होऊन. लेक, जावई, नात आणि ऑर्व्हल सगळे एकाच शेतावर राहत, टपालपेटीही एकच. मॅरिस अकरावीत होती आणि मुलींच्या बास्केटबॉल संघातही.

"आजोबा, तुम्ही माझ्या वर्गात आहात!"

"तसं पत्र आलंय खरं."

"हसू नका हो! एका घरातली मुलं कॉम्प्युटरमध्ये एकाच पानावर असतात. तुमचं नाव लाल आहे म्हणून आपलं अख्खं पानच लाल झालंय. कोच म्हणाल्या, पान लाल असेल तर बसमध्ये चढता येणार नाही. बुधवारीच जिल्ह्याचा सामना आहे!"

"तुझ्या तर सगळ्या लसी झाल्यात."

"माझ्या झाल्यात. तुमच्या कुठे झाल्यात?"

मंगळवारी सकाळी ऑर्व्हलने न्हाऊन, भांग पाडून, स्वच्छ शर्ट घालून शाळेचं दार ढकललं. आत येताच त्याचे पाय आपोआप डावीकडे वळले, कोट टांगायच्या खोलीकडे. तिथे आता छपाईचं यंत्र होतं. पण जमीन तीच. उन्हाळी सुट्टीत तेल पाजलेल्या लाकडाचा तो वास फेब्रुवारीतही हटला नव्हता. त्या वासाने ऑर्व्हल क्षणभर दारातच उभा राहिला, आणि कारण नसताना त्याला वाटलं की गृहपाठ राहिलाय.

कचेरीत ब्रीना नावाची तरुण कारकून होती. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. फोन मानेत धरून ती एका आईला समजावत होती की कुत्र्याच्या लसीचा दाखला मुलाला चालत नाही. फोन ठेवल्यावर तिने ऑर्व्हलकडे पाहिलं.

"कोणाला न्यायला आलात, आजोबा?"

"मीच आलोय. ऑर्व्हल केमरर. अकरावी."

ब्रीना उठूनच उभी राहिली. "म्हणजे तुम्ही खरंच आहात!"

मग तिने सगळा घोळ उलगडून सांगितला. तळघरात जुन्या विद्यार्थ्यांची कार्डं होती. गेल्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला, सगळी कॉम्प्युटरमध्ये घाला. घातली. ज्यांच्या कार्डावर 'उत्तीर्ण' किंवा 'शाळा सोडली' असा शिक्का होता ते मुकाट्याने बाहेर गेले. ज्यांच्या कार्डावर काहीच शिक्का नव्हता, त्यांना कॉम्प्युटरने अजून शिकतायत असं धरलं.

"आणखी दोघं-तिघं निघाले होते तसे," ब्रीना म्हणाली. "पण ते वारलेले होते, म्हणून काढता आले."

"मग मलाही काढा."

"आता नाही काढता येत. लसीच्या आठवड्यात सगळी पानं बंद करतात, आयत्या वेळी कुणी मुलं लपवू नयेत म्हणून. नाव घालता येत नाही, काढता येत नाही, पत्ता बदलता येत नाही."

"समजा, मी आत्ता इथे मेलो तर?"

ब्रीनाने खरोखरच पडद्यावर शोधून पाहिलं. "नाही," ती ओशाळून म्हणाली, "सोमवारपर्यंत तीही सोय नाही. फक्त नर्सबाईंचं पान उघडं आहे. तिथे लसीच्या तारखा भरल्या की लाल जाऊन हिरवं होतं. त्या आज व्यायामशाळेतच बसल्यात. राहिलेल्या मुलांना टोचतायत."

'टोचतायत' हा शब्द ऐकून ऑर्व्हलचा हात दंडाकडे गेला. त्याने आयुष्यात गारपीट पाहिली होती, पिसाळलेला वळू पाहिला होता, बायकोच्या माहेरची माणसं पाहिली होती. त्याला कशाचीच भीती वाटली नव्हती. सुई मात्र त्यातून वगळायची.

व्यायामशाळेच्या भिंतीलगत बाकावर मुलं बसली होती. ऑर्व्हल शेवटी जाऊन टेकला. शेजारी बालवाडीतली एक मुलगी होती, तोंडात वेणी धरून.

"तू कितवीत?" तिने विचारलं.

"अकरावीत."

"दाढी आलीय तुला."

"हो ना. काल करायची राहिली."

"रडणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही. तू?"

"मी रडणार," ती ठामपणे म्हणाली.

रांग पुढे सरकत होती. स्पिरिटचा वास आला आणि ऑर्व्हल तिसरीत जाऊन पडला. हीच व्यायामशाळा होती. पोलिओची लस पहिल्यांदा आली होती. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गावातली एक मुलगी पायांना लोखंडी पट्ट्या बांधून घरी परतली होती, म्हणून आयांनी मुलांना इस्त्रीचे कपडे घालून पाठवलं होतं, जत्रेला पाठवावं तसं. वर्गातला सगळ्यात दांडगा ड्वेन बाह्या सरसावून पुढे गेला आणि सुई दंडाला लागायच्या आतच पोत्यासारखा कोसळला. ते पाहून ऑर्व्हल कोटांच्या खोलीत शिरला, खिडकीतून बाहेर उडी मारली आणि धान्याच्या कोठारात जाऊन लपला. संध्याकाळी वडिलांनी त्याला शोधून काढलं. ओरडले नाहीत. त्याला गाडीत घातलं, शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे नेलं आणि सुई टोचताना आपली घामट हॅट त्याच्या तोंडासमोर धरली. "आत बघ," ते म्हणाले, "आत काय लिहिलंय ते वाच." आत हॅटचं माप लिहिलेलं होतं. ते वाचून होईतो सगळं आटोपलं होतं.

"केमरर!" नर्स विल्मा हॉक ओरडल्या. बाई जाडजूड, गमत्या, पण कामाच्या वेळी अगदी शिस्तीच्या. त्यांनी आधीच्या मुलांना विचारलं तसंच सगळं ऑर्व्हललाही विचारलं. "गोवर?"

"झाला. तिघा भावांना एकाच पलंगावर झाला. आईने पडदे ओढून घेतले होते."

"तुमच्या वयाच्यांना तो झालाच असं धरतात. कांजिण्या?"

"त्याच पलंगावर."

"पोलिओ अठरा पूर्ण झालेल्यांना माफ. झालीत ना अठरा?"

"परवाच."

"मग राहिली धनुर्वात आणि डांग्या खोकल्याची. ती मात्र सातवीच्या पुढच्या प्रत्येकाला घ्यावीच लागते. शेवटची कधी घेतली?"

"तारेचं कुंपण लागलं होतं तेव्हा. कुठलं साल ते नाही आठवत."

"मग बाही वर करा."

"बाई, दुसरा काही मार्ग? पालकांची चिठ्ठी वगैरे?"

"आणा की. आईची सही चालेल, वडिलांची चालेल."

ऑर्व्हलने शर्टाच्या बाहीचं बटण काढलं. त्याने बाही वर केली. वेणी चावणारी मुलगी अजून आपला दंड धरून तिथेच उभी होती. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, कारण ती स्वतः रडली नव्हती आणि आता तिला तुलना करायची होती. तिच्यासमोर बेशुद्ध पडणं शक्यच नव्हतं. ऑर्व्हलने डोळे मिटले, मनातल्या मनात ते हॅटचं माप वाचलं, आणि उघडले तेव्हा नर्सबाई दंडावर डायनासोरच्या चित्राची पट्टी लावत होत्या.

"मोठ्यांसाठीच्या संपल्या," त्या म्हणाल्या.

पान हिरवं झालं. बुधवारी मॅरिस बसमध्ये चढली. मुली सामना सपाटून हरल्या, पण परत येताना सगळ्या जणी गात आल्या. हरल्यावरही त्या वयात गाता येतं. कॅफेत ड्वेनने डायनासोर सगळ्यांना दाखवायला लावला. "मला तर तेव्हा काहीच वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "मी आपला घसरलो होतो." सत्तर वर्षं तो हेच सांगत होता.

प्रकरण संपलं असं ऑर्व्हलला वाटलं. पण गुरुवारी सकाळी फोन वाजला आणि एक कोरडा यांत्रिक आवाज म्हणाला, "आपला पाल्य, ऑर्व्हल, आज शाळेत गैरहजर आहे. कृपया कारण कळवा." शुक्रवारीही तेच. साहजिकच होतं. लाल होता तोवर कॉम्प्युटरने त्याला हजेरीतून वगळलं होतं. आता तो हिरवा झाला होता, तेव्हा त्याने यायला हवं होतं.

सोमवारी ब्रीनाचा फोन आला. "पानं उघडली हो, मिस्टर केमरर! आता काढते तुमचं नाव. फक्त शाळा सोडल्याचं कारण निवडायचंय. गाव बदललं?"

"नाही. इथेच आहे."

"दुसऱ्या शाळेत गेलात? घरी शिकलात? लष्करात भरती?"

"नाही."

"मग का सोडली?"

ऑर्व्हल खिडकीपाशी गेला. बाहेर ओलं, काळं शेत पसरलं होतं. "मार्चमध्ये वडील कोठाराच्या शिडीवरून पडले. कंबर मोडली. पेरणी तोंडावर आलेली. भाऊ लहान होते. सोमवारी शाळेत जायच्या ऐवजी मी ट्रॅक्टरवर बसलो. सोडली असं काही नाही. वाटलं, पेरणी झाली की जाऊ. मग कापणी आली."

"शाळेतून कोणी विचारायला आलं नाही?"

"पेरणीत अर्धी पोरं गायबच असायची. कोण कोणाला विचारणार?"

ब्रीना बराच वेळ पडद्यावर वर-खाली शोधत राहिली. "असं कारण यात नाही," ती शेवटी म्हणाली.

"तेव्हाही नव्हतं."

मग ऑर्व्हलने घसा साफ केला. "अकरावीला सध्या काय चाललंय?"

"इतिहास चाललाय. दुसरं महायुद्ध संपलंय, त्यानंतरचा भाग सुरू आहे."

"म्हणजे माझ्या जन्माच्या आसपास. तेवढं मला येतं. आणि शुक्रवारी जेवायला?"

"मक्याची पोळी आणि बीन्स."

"मग राहू दे नाव. शुक्रवारपर्यंत."

शुक्रवारी पहिला तास होऊन गेला होता तेव्हा शाळेचं दार वाजलं. ऑर्व्हल आत आला, भांग पाडलेला, बगलेत मॅरिसचं जुनं इतिहासाचं पुस्तक. तो सरळ वर्गाकडे निघाला, तशी ब्रीनाने त्याला खिडकीतून हाक मारली.

"असं जाता येत नाही, ऑर्व्हल. उशिरा आलेल्यांनी आधी चिठ्ठी न्यायची."

तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. या चिठ्ठ्या जुन्या पद्धतीच्या होत्या; कारण यादीतून निवडायचं नव्हतं, हाताने लिहायचं होतं. ऑर्व्हलने पेन्सिल घेतली, जीभ जराशी बाहेर काढून नाव लिहिलं, इयत्ता लिहिली, आणि उशिराच्या कारणासमोर गोल अक्षरात लिहिलं: 'पेरणी.'

ब्रीनाने ते वाचलं, शिक्का मारला आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"पुढच्या वेळी वेळेवर या," ती म्हणाली.