विठूशेठचा गणपती, डोळे सोडून

शेजारच्या हैबतरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल दिला. "दत्ता, त्या विठ्याचा गणपती घरात आणलास तर आळीतलं कोण तुझ्याकडं पाय ठेवणार नाय. सांगून ठेवतो."

दत्तात्रेयांनी मान हलवली. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन दुबईला. रोह्यातल्या त्यांच्या घरी माणसं यायची ती गणपतीच्या दीड दिवसात. तेवढ्यावर ते उरलेलं वर्ष काढत. आणि माणसं यायची ती हमरापूरच्या मूर्तिकार विठूशेठने काढलेले मूर्तीचे डोळे बघायला. समोर बसलं की वाटावं, आपल्याला कोणीतरी विचारतंय, जेवलास का?

पण मे महिन्यात शेठच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या अपेक्षाने पोलिसांत तक्रार केली, शेठ अंगचटीला येतात. मग आणखी दोघी पुढे आल्या. बातमी टीव्हीवर गेली आणि शेठ कोठडीत. दत्तात्रेयांना बातमी खरी वाटली. वाईट वाटलं ते त्याचंच.

पंचाईत पाटाची होती. आपला पाट कारखान्यात आधीच नेऊन द्यायचा, मूर्ती त्यावरच घडवायची, अशी पद्धत. दत्तात्रेयांचा पाट, बायकोच्या माहेरचा, शिमगा होताच हमरापूरला पोचला होता. तो परत आणायला ते मितेशच्या टेम्पोतून गेले.

शेठच्या बायकोने, कृष्णाबाईंनी, दारातूनच सांगितलं, "पाट न्या की. पन त्याच्यावर गणपती बसलाय. आधी त्याला उठवा."

शाडूची मूर्ती पाटाला धरून वाळली होती. रंगही झाला होता. राहिले होते फक्त डोळे. ते शेठ शेवटी काढत.

दत्तात्रेयांना सुटल्यासारखं वाटलं. माती गुजरातची, घडवली कामगारांनी, रंगवली कामगारांनी, पाट आपला. विठूशेठचं यात डोळ्यांशिवाय होतं काय? ते दुसऱ्याकडून काढून घेतले की झालं. मूर्ती पाटासकट टेम्पोत चढली.

शेजारच्याच जोहे गावातल्या केरू मूर्तिकाराने मूर्ती बघितली आणि ब्रश बाजूला ठेवला. "दुसऱ्याच्या मूर्तीला आपण हात लावत नाय, काका."

पुढचा म्हणाला, "चांगले झाले तर लोक म्हणतील विठूशेठचे. बिघडले तर माझे."

तिसऱ्याने विठूशेठचं नाव ऐकून शटरच ओढलं.

"काका, आता गणपतीलाच विचारा कुठं जायचं ते," मितेश म्हणाला.

"त्याला रस्ता दिसायला नको?"

मितेशने गाडी बाजूला घेतली. "ती अपेक्षा हाय की. इथंच जोह्यात राहते. तक्रार केल्यापासून तिला कोण काम देत नाय."

अपेक्षाने मूर्तीकडे बघितलं आणि ती कुणाच्या कारखान्यातली ते ओळखलं. तरी ती ब्रश घेऊन बसली.  मग ती बाजूला झाली आणि दत्तात्रेयांनी पुढे वाकून बघितलं.

"हे तर शेठचेच डोळे."

"व्हय. त्यांनीच शिकवले," ती ब्रश धूत म्हणाली. "आता हात कुठं टाकून येऊ?"

दत्तात्रेयांनी पाट उचलला. निघताना ती म्हणाली, "लोक काय म्हणतात ते कळवा."

चतुर्थीला दुपारी आरतीला आळी लोटली. मूर्ती शेठची नाही, हे दत्तात्रेयांकडून ऐकून हैबतरावांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मोदक तोंडात धरून त्यांनी डोळे निरखले.

"बघा, हात बदलला की कसा फरक पडतो. त्या विठ्याला जन्मात जमले नसते. कोणाचे रे?"

"जोह्याच्या एका मुलीचे."

"नाव सांग. पुढच्या वर्षी आमचा पण पाट तिकडं."

दत्तात्रेयांना गप्प राहता आलं असतं. पण ज्या मुलीला काम मिळत नव्हतं, तिच्याकडे पाट जाणार होता. त्यांनी नाव सांगितलं.

हैबतरावांनी मोदक गिळला. "तीच ना, पोलिसांत गेलेली?"

"तीच."

"नाय म्हणजे, तिचं खरं असंल. पन अशा बाईचा हात..." त्यांनी ताटली खाली ठेवली. मग एकेकाला आठवलं, की अजून बऱ्याच घरी जायचं राहिलंय. चपला शोधण्याची थोडी गडबड झाली आणि घर रिकामं झालं.

दत्तात्रेय मोदक झाकत होते, तेवढ्यात फोन वाजला. अपेक्षा होती.

"काका, आले का लोक, की माझ्या नावानं पळाले?"

"घर भरलंय. डोळे सगळ्यांना आवडले."

"मग एवढं शांत कसं?"

दत्तात्रेयांनी मूर्तीकडे बघितलं.

"सगळे जेवतायत," ते म्हणाले.